मुलांमधला ल्युकेमिया पुन्हा का उलटतो आणि त्याचा धोका कसा मोजतात

लहान मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचे निदान झाल्यावर पहिल्या महिन्याच्या अखेरीस बोन मॅरोची (हाडांतल्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजाची) तपासणी पुन्हा होते आणि बहुतेक घरांना दिलासा देणारा निकाल मिळतो. मॅरोमध्ये रोग दिसत नाही, मूल ‘रेमिशन’मध्ये आले आहे, असे डॉक्टर सांगतात आणि त्याच बैठकीत पुढच्या दोन-अडीच वर्षांच्या उपचारांचे वेळापत्रकही हातात देतात. रोग दिसत नाही, तर इतकी औषधे कशासाठी, असा प्रश्न पालकांना पडतो आणि तो अगदी रास्त आहे. या प्रश्नाचे उत्तर आणि ‘रोग उलटण्याचा धोका किती’ या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणाहून निघते, म्हणून सुरुवात रेमिशन म्हणजे नेमके काय, यापासून केली पाहिजे.

येथे मुख्यतः एएलएल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकाराविषयी लिहिले आहे. मुलांमधल्या ल्युकेमियापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण या प्रकाराचे असतात आणि दोन ते पाच या वयात तो सर्वाधिक आढळतो. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचे उपचार आणि धोक्याचे हिशेब वेगळे आहेत. पुढचे आकडे त्याला लावू नयेत.

निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात ढोबळमानाने एक लाख कोटी ल्युकेमियाच्या पेशी असतात. मॅरोचा नमुना मायक्रोस्कोपखाली पाहिला आणि अपक्व पेशींचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी भरले की त्याला रेमिशन म्हणतात. ही मर्यादा शून्यावर ठेवता येत नाही, कारण निरोगी मॅरोतही थोड्या अपक्व पेशी असतातच आणि त्यातली चांगली कोणती व रोगट कोणती हे नुसत्या नजरेने खात्रीने सांगता येत नाही. परिणामी, शरीरात हजार कोटी रोगट पेशी शिल्लक असतानाही रिपोर्टवर ‘रेमिशन’ हा शब्द येऊ शकतो. वानखेडे स्टेडियममध्ये सुमारे ३३ हजार प्रेक्षक बसतात असे धरले, तर मायक्रोस्कोपच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत सोळाशे-साडेसोळाशे घुसखोर सहज लपून राहतात. एमआरडी (उपचारांनंतर उरलेल्या अगदी थोड्या रोगट पेशी मोजणारी) नावाच्या आधुनिक तपासणीची मर्यादा ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक पेशी इतकी आहे. तिच्या नजरेतून त्या भरलेल्या स्टेडियममधले तीन-चार घुसखोरही सुटत नाहीत. तरीही ही मर्यादा म्हणजे शून्य नव्हे. संपूर्ण शरीराचा हिशेब केला, तर ०.०१ टक्के म्हणजे सुमारे दहा कोटी पेशी होतात. या उरलेल्या पेशींपैकी काही पुन्हा वाढू लागल्या, म्हणजे रोग उलटला.

या रोगाच्या उपचारांचा इतिहास म्हणजे रोग का उलटतो, याचा एकेक पदर उलगडण्याचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा मुंबईत आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज संशोधक मुंबईला आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणीकामगार वस्तीतल्या स्त्रियांमध्ये, आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कातल्या कुठल्याशा घटकाने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. तो घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. नव्या रक्तपेशी तयार व्हायला फॉलिक अॅसिड लागते, तर ल्युकेमियाच्या पेशींनाही ते लागणारच. मग ते त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिले नाही तर काय होईल, या विचारातून बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी फॉलिक अॅसिडला अडवणारे अमिनोप्टेरिन हे औषध मुलांना दिले. अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. फार्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली होती. त्याआधी या रोगावर कोणतेही औषध नव्हते. मात्र ही सुधारणा काही आठवडे किंवा काही महिनेच टिकली आणि रोग उलटला. एकट्या औषधाला पुरून उरणाऱ्या पेशी त्या कोट्यवधींच्या गर्दीत कुठे ना कुठे असतातच, हा पहिला धडा तिथे मिळाला. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना आठवड्यातून एकदा गोळीच्या रूपात दिले जाते.

दुसरा धडा अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने दिला. तिथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांचे सहकारी अनेक औषधे एकत्र देऊ लागले, तेव्हा मॅरो पूर्वीपेक्षा अधिक काळ स्वच्छ राहू लागला. पण मॅरो उत्तम असलेली मुले डोकेदुखी आणि उलट्या घेऊन परत येऊ लागली. रोग आता मेंदूच्या आवरणात उलटत होता. शिरेतून दिलेली बरीचशी औषधे मेंदूभोवतीच्या पाण्यापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, त्यामुळे तिथे शिरलेल्या पेशींना आयता आसरा मिळतो. मुलग्यांमध्ये वृषण ही अशीच दुसरी आडोशाची जागा आहे. मेंदूसाठी आधीपासूनच वेगळे उपचार सुरू केल्यावर, साठच्या दशकाच्या अखेरीस, निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. तोपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल दगावत होते, हे लक्षात घेतले की त्या ‘निम्म्या’चे मोल कळते. सुरुवातीला मेंदूला किरणोपचार देत असत. त्यांचे वाढीवर आणि बुद्धीवर होणारे परिणाम दिसू लागल्यावर त्यांची जागा हळूहळू कण्यातून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी घेतली. २००९ मध्ये याच रुग्णालयाने ४९८ मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: प्रतिबंधक किरणोपचार सर्वांनाच टाळूनही पाच वर्षांनी ९३ टक्क्यांहून अधिक मुले हयात होती. पालकांना ‘पाठीतले इंजेक्शन’ सर्वांत नकोसे वाटते. रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल असतानाही ते वेळच्या वेळी का घ्यावे लागते, याचे कारण या इतिहासात आहे.

आता एखाद्या मुलाच्या धोक्याचा अंदाज कसा बांधतात ते पाहू. पहिल्याच दिवशी हाती असलेल्या दोन गोष्टी अगदी साध्या आहेत: वय आणि निदानाच्या वेळच्या पांढऱ्या पेशींची संख्या. वय एक वर्षाहून अधिक पण दहापेक्षा कमी आणि पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ५० हजारांपेक्षा कमी असतील, तर बी-पेशींचा एएलएल सामान्य धोक्याच्या गटात घेतला जातो (बी आणि टी हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार; रोग ज्या प्रकारातून सुरू होतो त्याचे नाव त्याला मिळते). यांपैकी एखादी अट मोडली की गट बदलतो. ही विभागणी १९९३ साली अमेरिकेत ठरली आणि आजही जगभर वापरात आहे. एक वर्षाच्या आतील बाळांमधला ल्युकेमिया मात्र स्वभावानेच वेगळा आणि बहुधा आक्रमक असतो. टी-पेशींचा एएलएलही वेगळा गणला जातो.

त्यानंतर ल्युकेमियाच्या पेशींची जनुकीय तपासणी येते आणि इथे चित्र बरेच स्पष्ट होते. पेशींमधली गुणसूत्रे ४६ च्या जागी ५० हून अधिक झालेली असतील, किंवा १२ आणि २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली असेल, तर औषधांना प्रतिसाद उत्तम मिळतो. उलट, गुणसूत्रे ४४ पेक्षा कमी असणे किंवा केएमटी२ए या जनुकाची मोडतोड झालेली असणे, या काळजीच्या बाबी आहेत. रिपोर्टमध्ये ‘जनुकीय बदल’ असे वाचले की आई-वडील एकमेकांच्या घराण्यात रोग शोधू लागतात. ते बहुतांश वेळा व्यर्थ असते, कारण हे बदल सहसा ल्युकेमियाच्या पेशींपुरते असतात आणि जन्मतः सर्व शरीरात नसतात. अपवाद थोडे आहेत आणि ते शंका आल्यास डॉक्टर वेगळे तपासतात.

या यादीतले ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीतून ते तयार होते आणि एएलएल झालेल्या सुमारे ३ ते ५ टक्के मुलांमध्ये आढळते. एकेकाळी ते सापडणे म्हणजे वाईट बातमी असे आणि पुढचा मार्ग बहुधा मॅरो प्रत्यारोपणाचाच असे. मग त्या गुणसूत्रातून तयार होणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाला नेमके अडवणारी इमॅटिनिबची गोळी केमोथेरपीला जोडली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, ती सलग घेतलेल्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुले तीन वर्षे रोगमुक्त राहिली. जुन्या उपचारांच्या काळात हेच प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. रोग तोच, गुणसूत्रही तेच, पण धोका पार बदलला. धोक्याचा आकडा रोग आणि उपचार या जोडीचा असतो; म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या लेखातली टक्केवारी आजच्या मुलाला लावताना ती कोणत्या उपचारांवर बेतलेली आहे, हे आधी पाहावे.

एवढी सगळी माहिती पहिल्या आठवड्यात जमली तरी सर्वांत महत्त्वाचा पुरावा मूल स्वतः देते: औषध पोटात गेल्यावर रोग किती झपाट्याने ओसरतो, यातून. जर्मनीतल्या बीएफएम या संशोधक डॉक्टरांच्या गटाने सात दिवस फक्त स्टिरॉइड आणि कण्यातले एक इंजेक्शन देऊन रक्तातल्या रोगट पेशी मोजण्याची साधी पद्धत रूढ केली. आठव्या दिवशी त्या प्रति मायक्रोलिटर एक हजारांपेक्षा कमी झाल्या, तर प्रतिसाद चांगला. भारतातही अनेक ठिकाणी ‘आठव्या दिवसाचा काउंट’ आजही पाहिला जातो. त्याहून कितीतरी सूक्ष्म माप म्हणजे पहिल्या टप्प्याच्या अखेरची, साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यातली एमआरडी. मॅरोचा नमुना फ्लो सायटोमेट्री या यंत्रात घालून पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा तपासतात आणि ल्युकेमियाच्या पेशी वेगळ्या काढून मोजतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पहिल्या महिन्याच्या अखेरीस एमआरडी ०.०१ टक्क्यांच्या आत असलेल्या मुलांपैकी ८८ टक्के मुले पाच वर्षांनी रोगमुक्त होती. ज्यांची एमआरडी १ टक्क्याहून अधिक होती, त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होते. इतर कोणत्याही एका तपासणीने दोन गटांत एवढे अंतर क्वचितच दाखवले आहे. पालकांनी फाइलमध्ये एकच आकडा शोधून ठेवायचा ठरवला, तर तो हा असावा. तो नमुना कोणत्या दिवशी घेतला, हेही सोबत लिहून ठेवावे, कारण त्या तारखेशिवाय आकड्याला अर्थ नाही.

धोका मोजण्याचा उपयोग केवळ उपचार वाढवण्यासाठी होतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो कमी करण्यासाठीही होतो. ब्रिटनच्या यूकेएएलएल २००३ या चाचणीत एमआरडी कमी असलेल्या मुलांना तीव्र केमोथेरपीचा एक टप्पा वगळून पाहिला आणि तरीही रोग उलटण्याचे प्रमाण वाढले नाही. प्रत्येक जादा फेरीची किंमत जंतुसंसर्ग, हृदयावरील ताण आणि हाडांची झीज या रूपात मुलालाच मोजावी लागत असल्यामुळे, अनावश्यक औषध वाचणे हाही या मोजमापाचा मोठा फायदा आहे.

मग असा प्रश्न येतो: कमी धोक्याच्या गटातल्या मुलाचा रोग उलटतोच कसा? एक काल्पनिक हिशेब मांडू. हजार मुलांपैकी ८०० कमी धोक्याच्या आणि २०० जास्त धोक्याच्या गटात आहेत असे समजा. पहिल्या गटात ८ टक्के मुलांचा रोग उलटला, तर ती ६४ मुले झाली. दुसऱ्या गटात ३० टक्के मुलांचा उलटला, तर ती ६०. म्हणजे रोग उलटलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुले ‘कमी धोक्या’चीच निघतात, आणि तरीही गटाचे नाव चुकलेले नसते. टक्केवारी गटाची असते. एकट्या मुलाचा रोग ८ टक्के उलटत नाही. एक तर उलटतो किंवा उलटत नाही. डॉक्टर ‘नक्की काय होईल’ हे सांगायचे टाळतात, तेव्हा पुष्कळदा ते काही लपवत नसतात. त्यांच्याकडे सांगण्याजोगे जे आहे, ते एवढेच असते.

हा आकडा काळानुसार सरकतही असतो. चांगले उपचार उपलब्ध असलेल्या देशांत आज सुमारे ९० टक्के मुले बरी होतात आणि साधारण १० ते १५ टक्क्यांमध्ये रोग उलटतो. उलटण्याचे बहुतेक प्रसंग निदानानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, म्हणजे उपचार चालू असताना किंवा ते थांबल्यानंतरच्या वर्षा-दीड वर्षात घडतात. रोगाविना गेलेला प्रत्येक महिना पुढचा धोका कमी करत जातो आणि निदानानंतर पाच वर्षे निर्वेध गेली की रोग उलटणे फार क्वचित दिसते. पहिल्या दिवशी ऐकलेली टक्केवारी चौथ्या वर्षीही उगाळत बसणारी घरे असतात. त्यांनी डॉक्टरांना ‘आजच्या घडीला धोका किती’ असे नव्याने विचारायला हरकत नाही.

मूळ रोग औषधांनी मरतो, तर उलटलेला रोग येतो कुठून? २००८ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनी यावर बराच प्रकाश टाकला आहे. निदानाच्या वेळी ल्युकेमिया एकजिनसी नसतो. त्यात थोडेथोडे वेगळे जनुकीय बदल असलेल्या पेशींची अनेक कुळे असतात. मुख्य कूळ औषधाने संपते, पण एखादे लहानसे, पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात असलेले कूळ तग धरते आणि पुढे तेच माजते. काही पेशी उपचारांच्या काळात नवे बदलही कमावतात. उदाहरणार्थ, एनटी५सी२ या जनुकातला बदल मर्कॅप्टोप्युरीन हे औषध निष्प्रभ करायला पेशीला मदत करतो आणि तो उलटलेल्या रोगात ठळकपणे आढळतो. म्हणूनच उलटलेला रोग पहिल्यापेक्षा चिवट असतो.

हेच मर्कॅप्टोप्युरीन, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेतले ‘सिक्स-एमपी’, हा मेंटेनन्सचा, म्हणजे गोळ्यांच्या शेवटच्या लांबलचक टप्प्याचा, कणा आहे आणि उपचारांचा हा एकच टप्पा असा आहे, जो जवळजवळ पूर्णपणे घराच्या हातात असतो. सिक्स-एमपी रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज दिले गेले तर ते जिवावर बेतू शकते, म्हणून दोन्ही डबे वेगळे ठेवावेत आणि मेथोट्रेक्सेटचा वार डब्यावरच लिहावा. सिक्स-एमपीची गोळी सहसा ५० मिलिग्रॅमची मिळते. लहान मुलाचा डोस ३७ मिलिग्रॅमच्या आसपास आला, तर ‘एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी’ असे लिहून दिले जाते आणि गोंधळ इथेच सुरू होतो: काल अख्खी दिली होती की अर्धी? स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात ‘१’ किंवा ‘½’ आधीच लिहून ठेवणे आणि गोळी गिळल्यावर, हातात दिल्यावर नव्हे, त्यावर खूण करणे, हा अगदी साधा उपाय इथे उपयोगी पडतो.

एवढी काटेकोर दक्षता कशासाठी, याचे उत्तर डॉ. स्मिता भाटिया यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत झालेल्या अभ्यासांतून मिळते. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवून झाकण कधी उघडले गेले, याची नोंद महिनोन्‌महिने ठेवली गेली. लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेणाऱ्या मुलांमध्ये रोग उलटण्याचा धोका इतरांच्या अडीच पटींहून अधिक निघाला. ९५ टक्के ऐकायला उदार वाटते, पण तीस दिवसांत दोन गोळ्या चुकल्या की प्रमाण ९३ वर येते. याच अभ्यासांत असेही दिसले, की अनेक कुटुंबे प्रत्यक्षात दिलेल्यापेक्षा अधिक गोळ्या दिल्याचे सांगतात. यात खोटेपणापेक्षा माणसाची स्मृती अधिक जबाबदार असावी, असे मला वाटते. किशोरवयीन मुलांमध्ये गोळ्या चुकण्याचे प्रमाण जास्त असते. मुलगा ‘मी घेतो माझी माझी’ म्हणू लागला तरी वर्षभर शेजारी उभे राहणे शहाणपणाचे. गोळी रात्रीच द्यावी, उपाशीपोटीच द्यावी, दुधाबरोबर देऊ नये, असे नियम पूर्वी सांगितले जात. पुढच्या अभ्यासात या नियमांचा रोग उलटण्याशी संबंध आढळला नाही. जी वेळ घराला रोज पाळता येते, ती चांगली. मात्र वेळ बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

यात एक महत्त्वाचा फरक आहे. रक्तपेशींचा काउंट खाली गेल्यामुळे किंवा ताप आल्यामुळे डॉक्टरांनी औषध थांबवले किंवा डोस उतरवला, तर ते चुकणे धरले जात नाही. काही मुलांच्या शरीरात सिक्स-एमपी हळू निघून जाते किंवा जास्त परिणाम करते. एनयूडीटी१५ या जनुकातला त्यासाठी कारणीभूत असलेला बदल युरोपीय लोकांपेक्षा भारतीयांसह आशियाई लोकांत बराच अधिक आढळतो. अशा मुलाला निम्म्या डोसमध्येही पुरेसे औषध मिळते. शेजारच्या खाटेवरच्या मुलापेक्षा आपल्या मुलाचा डोस कमी आहे म्हणून मनाने वाढवू नये. उलट, महिनोन्‌महिने काउंट जराही खाली येत नसेल, तर डोस कमी पडतो आहे किंवा गोळी पोटात जात नाही, अशी शंका डॉक्टर घेतात. मेंटेनन्समध्ये सगळे आकडे निरोगी मुलासारखे असणे, हे उद्दिष्ट नसते.

औषधाच्या दर्जाचा प्रश्नही टाळता येणार नाही. अॅस्परॅजिनेज हे इंजेक्शन या उपचारांतले एक प्रमुख अस्त्र आहे आणि त्याचे ठरलेले डोस पूर्ण न झालेल्या, विशेषतः जास्त धोक्याच्या, मुलांमध्ये निष्कर्ष खालावतात, असे परदेशी अभ्यासांत दिसले आहे. भारतीय संशोधकांनी येथे विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त आवृत्त्या तपासल्या, तेव्हा त्यांचा दर्जा असमाधानकारक आढळला. म्हणून काही केंद्रे इंजेक्शननंतर मुलाच्या रक्तात औषध खरोखर काम करते आहे का, हे मोजतात. हे काम पालकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते औषध नियंत्रण यंत्रणेचे आहे.

भारतात रोग उलटण्याचे प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा जास्त राहिले आहे आणि त्याची कारणे गुंतलेली आहेत. टी-पेशींच्या एएलएलचे प्रमाण येथे तुलनेने अधिक दिसते, मुले उशिरा पोहोचतात, कुपोषणामुळे पूर्ण डोस सोसत नाही, आणि जनुकीय तपासणी व एमआरडी अनेक वर्षे मोजक्या शहरांपुरतीच होती. ऐंशीच्या दशकापासून दीर्घकाळ मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथे वापरला गेलेला एमसीपी-८४१ हा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला आराखडा, सर्व मुलांना जवळपास एकसारखे उपचार देत असे. त्यानंतर टाटा मेमोरियलसह मुंबई, कोलकाता, दिल्ली, चंडीगड आणि चेन्नई येथील केंद्रांनी मिळून आयसीआयसीएलई हा सामाईक प्रोटोकॉल आखला. त्यात मुलाची धोक्याची पातळी ठरवून उपचारांची तीव्रता बदलली जाते. उपचार मध्येच सोडले जाणे हे भारतातले आणखी एक मोठे कारण आहे. बरे दिसणारे मूल, सुटलेला रोजगार आणि परळपासून तीनशे-चारशे किलोमीटरवरचे गाव, एवढे जमून आले की मेंटेनन्सच्या फेऱ्या गळू लागतात. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि बाहेरगावच्या कुटुंबांना मोफत निवास देणाऱ्या संस्था आहेत. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला पैसे संपल्यावर भेटण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात भेटावे.

रोग उलटल्याचे कळले की घरात दोषाचा शोध सुरू होतो: आंबट खाल्ले, शाळेत पाठवले, लग्नाला नेले, दृष्ट लागली. यांपैकी कशानेही ल्युकेमिया उलटल्याचा पुरावा नाही. गर्दी टाळायला सांगतात ती गोवर, कांजिण्या आणि इतर संसर्गांच्या भीतीने. काही लसी पुढे ढकलतात त्याही संसर्गाच्याच कारणाने. ज्या गोष्टीने धोका खरोखर वाढतो, ती म्हणजे ‘आता केमो पुरे’ म्हणून गोळ्या बंद करून एखादा काढा किंवा भस्म सुरू करणे.

रोग उलटण्याच्या खुणा पहिल्या वेळेसारख्याच असतात: उतरत नसलेला ताप, पांढरेफटक पडणे, अंगावर काळे-निळे डाग, रात्री जागे करणारी हाडांची दुखणी. त्याखेरीज सकाळची डोकेदुखी व उलटी, दोन-दोन दिसणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, किंवा मुलग्यात वृषणाला न दुखणारी सूज, या गोष्टी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवाव्यात. मेंटेनन्समधला एकटा कमी काउंट मात्र बहुतेक वेळा औषधाचा किंवा साध्या विषाणूचा परिणाम असतो. उपचार संपल्यावर ठरावीक अंतराने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि प्रत्यक्ष तपासणी पुरते. लक्षण नसताना मॅरो पुन्हा पुन्हा काढण्याची गरज सहसा नसते.

रोग उलटलाच, तर पहिला प्रश्न ‘कधी’ हा असतो. निदानानंतर १८ महिन्यांच्या आत मॅरोमध्ये उलटलेला रोग सर्वांत कठीण; उपचार संपून सहा महिने लोटल्यावर उलटलेला बी-पेशींचा रोग तुलनेने बराच आटोक्यात येतो. दुसरा प्रश्न ‘कुठे’: केवळ वृषणात किंवा मेंदूच्या आवरणात उलटलेला रोग मॅरोतल्यापेक्षा अधिक आशादायक असतो. टी-पेशींचा रोग उलटला तर पर्याय कमी असतात. सर्व प्रकार धरून, उलटलेल्या रोगातून सुमारे निम्मी मुले वाचतात. पुन्हा एकदा केमोथेरपी, पुन्हा एमआरडी, आणि ती कितपत उतरते त्यावर प्रत्यारोपण करायचे की नाही, हे ठरते. मुलाच्याच टी-पेशी काढून, त्यांना ल्युकेमिया ओळखायला शिकवून परत देणाऱ्या कार-टी उपचारांना अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही भारतीय कार-टी २०२३ मध्ये मंजूर झाली. ही मंजुरी १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी होती.

उलटलेल्या रोगासाठी आलेले ब्लिनाटुमोमॅब हे औषध आता पहिल्याच उपचारांत सरकते आहे. ते एका बाजूने ल्युकेमियाची पेशी आणि दुसऱ्या बाजूने मुलाची टी-पेशी धरून दोघींना समोरासमोर आणते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सामान्य धोक्याच्या गटातल्या पण अगदी कमी धोका नसलेल्या १,४४० मुलांपैकी निम्म्यांना नेहमीच्या केमोथेरपीबरोबर हे औषध दिले गेले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ९६ टक्के मुले रोगमुक्त होती. नुसत्या केमोथेरपीच्या गटात हे प्रमाण ८७.९ टक्के होते. औषधाचे प्रत्येक आवर्तन पंपाद्वारे २८ दिवस अखंड चालते आणि त्याची किंमत बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यामुळे आपल्या मुलाला ते लागू आहे का, हे विचारताना पंप, खाट आणि निधी यांची सोय कोणत्या केंद्रात होऊ शकते, हेही त्याच भेटीत विचारावे.